फोटोतला चौथा माणूस

निंगने छापखान्यात पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की पुस्तक बत्तीस पानांचं हवं, साधं आणि नेटकं. विचितकाकांनी ते वहीत लिहून घेतलं, 'साधं' या शब्दाखाली रेघ मारली, आणि तिसऱ्या दिवशी मुखपृष्ठाचा नमुना समोर ठेवला. त्यात ढग होते, कमळं होती, दोन मोर होते, आणि ढगांच्या मधोमध अंड्याच्या आकाराच्या सोनेरी चौकटीत बाबा होते. चुकून दुसऱ्याच कोणाच्या लग्नात शिरलेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा अवघडलेला दिसत होता.

"हे साधं आहे?" निंगने विचारलं.

"एक मोर कमी करतो," विचितकाका म्हणाले.

त्यांचा तरी काय दोष. त्यांच्या भाषेत 'विचित' म्हणजेच नक्षीदार. बारशालाच ज्याच्यावर ही जबाबदारी टाकली, तो माणूस साठीत येऊन साधेपणा कुठून शिकणार?

बँकॉकजवळच्या फेचबुरीत माणूस गेला की त्याच्यामागे पुस्तक निघतं. अग्नी द्यायच्या दिवशी जो येतो तो चंदनी फूल वाहतो आणि जाताना एक प्रत काखेत मारून जातो. आत गेलेल्याचं चरित्र, फोटो, आणि मागे वाचणाऱ्याच्या उपयोगाचं काहीतरी: प्रवचन, गुडघेदुखीवरचा लेप, नाहीतर सुक्या माशाची चटणी. हयातभर सहीपलीकडे काही न लिहिलेला माणूसही शेवटी पुस्तकात बसतो. बाबांकडे अशा पुस्तकांची तीन फळ्यांची मांडणी होती. जेवण झालं की ते त्यातलं एखादं काढून वाचत बसत. चटण्या करून बघत. आणि मांडणीवर टीका करत. "समास बघ," ते म्हणत, "बोट ठेवायला जागा नाही. गेलेल्या माणसाला तरी ऐसपैस बसू द्यावं."

त्यामुळे बाबांचं पुस्तक नीट निघायला हवं, यावर घरात दुमत नव्हतं. निंग बँकॉकच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. वीस वर्षं पुस्तकं हाताळली होती. तिला वाटलं, आठ दिवसांचं काम. बाबांना जाऊन साठ दिवस झाले होते, अग्नी शंभराव्या दिवशी द्यायचा होता; तोवर तिथल्या रीतीप्रमाणे शवपेटी देवळात. तो दिवस निघाला शुक्रवार. त्यांच्या भाषेत शुक्रवार आणि सुख यांचा उच्चार एकच, आणि सुखाच्या वारी कोणी कोणाला अग्नी देत नाही. म्हणून शनिवार ठरला. म्हणजे एक दिवस वरचाच मिळाला. निंगला त्या पुस्तकात खरं तर एकच गोष्ट हवी होती, ती तिने कोणाला सांगितली नव्हती. एका पानावर फक्त तिघं हवी होती: आई, बाबा आणि ती. चौथं कोणी नको.

अडचण अशी की तसा फोटोच नव्हता.

फोटो बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात होते. एकोणतीस. आणि प्रत्येकात चौथा माणूस होता, दरवेळी निराळा, दरवेळी अनोळखी. तिघांच्या फोटोत मधला आधी जातो, हे तिथे शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. फरक इतकाच की बाकीचे ते ऐकतात, हसतात आणि फोटो काढतात. बाबा हसत नसत. जमीन मोजणीच्या नोकरीत नवे असताना त्यांनी आणि दोन मित्रांनी दुर्बिणीच्या तिपाईपाशी उभं राहून एक फोटो काढला होता. मधला थोंगयिप. तो त्याच वर्षी तापाने गेला. बाबांनी याहून जास्त कधी सांगितलं नाही. पुढे त्यांचं लग्न झालं, एकच मुलगी झाली, आणि घरात माणसं झाली बरोबर तीन.

मग सुरू झाला चौथ्याचा शोध. सहलीला निघताना बाबा ऑफिसातली जुनी लाकडी तिपाई बरोबर घेत. तिच्यावर कॅमेरा बसवत, बायकोला आणि लेकीला उभं करत, आणि रस्त्याकडे बघत थांबत. समोरून येईल त्याला हात जोडून अडवत. प्राणिसंग्रहालयात हत्तीचा माहूत. राजवाड्याच्या टेकडीवर त्यांना नुकताच दंड ठोकलेला पोलीस. निंगच्या पदवीदानाला कोणाचे तरी काका, ज्यांचा स्वतःचा पुतण्या तिकडे त्यांना शोधत होता. हुआ हिनच्या फलाटावर हिरवा झेंडा घेतलेला झेंडेवाला, आणि मागे सुटायला खोळंबलेली गाडी. माणूस मिळाला की बाबा बटण दाबून धावत येत. त्यामुळे सगळ्या फोटोंत ते कडेला होते. एक पाय हवेत आणि केस उडालेले.

लहानपणी निंगने वाद घातला होता. तीन खुंट्यांची तिकोनी जमीनही असतेच की, ती म्हणाली होती. "असते," बाबा म्हणाले होते. "पण ती कोणी विकत घेत नाही."

निंगने निर्णय घेतला की परके लोक कातरून टाकायचे. इतकं सोपं. ते बहुतेक कडेलाच उभे होते. विचितकाकांनी मान डोलावली आणि कामाला बसले. निंग त्यांच्या शेजारी स्टुलावर. छापखान्याच्या मागच्या अंगाला मिठाईच्या खोक्यांचे गठ्ठे लावलेले असत. विचितकाकांचे धंदे दोन: अंत्यविधीची पुस्तकं आणि खोकी.

"बाबांना जरा डावीकडे सरकवू?" ते विचारत.

"सरकवा."

"बाबांना लहान करतो थोडं. आई झाकली जातेय."

"करा."

"बाबा सातव्या पानावर नको वाटतात. नवव्यावर नेऊ?"

साठ दिवसांत लोकांनी निंगला बाबा कुठे गेले असतील याबद्दल पुष्कळ काही सांगितलं होतं. देवळातल्या भंतेंनी, शेजाऱ्यांनी, बँकेतल्या बाईंनीसुद्धा. पण इतकं नेमकं कोणी विचारलं नव्हतं. "नवव्यावर न्या," ती म्हणाली.

पहिल्या पानाच्या फोटोचा घोळ त्याच आठवड्यातला. सरकारी माणसाच्या पुस्तकात पहिल्या पानावर तो पांढऱ्या गणवेशात लागतो. बाबांनी तसा फोटो कधी काढलाच नव्हता, कारण गणवेशातल्या सहकाऱ्यांचा गट नेहमी तिघांचाच जमायचा. विचितकाकांना यात काहीच अवघड वाटलं नाही. त्यांच्याकडे तयार गणवेश होते, मान तेवढी बसवायची. त्यांनी बाबांची मान एका भरदार छातीच्या गणवेशावर बसवली. निंगला ती छाती ओळखीची वाटेना, पण फोटो रुबाबदार होता. तो तिने शेजारच्या सनीतसाहेबांना दाखवला. सनीतसाहेब तालुका कचेरीतून मोठ्या हुद्द्यावर निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा लावला, खांद्यावरच्या पट्ट्या मोजल्या आणि खुर्चीत ताठ बसले.

"हा माणूस मला एके काळी सॅल्यूट करत असे," ते म्हणाले, "आता मलाच त्याला करावा लागेल. कोणी केलं याला प्रांताचा उपप्रमुख?"

योग्य हुद्द्याचा दाखला आणायला निंग बाबांच्या जुन्या ऑफिसात गेली. कारकून बाई फार सज्जन होत्या, त्यांनी तिला आधी थंड पाणी दिलं. मग म्हणाल्या, सेवेचा दाखला अर्जदाराला स्वतःच घ्यावा लागतो, सही जुळवून बघतात. निंग म्हणाली, अर्जदार देवळात आहेत, शवपेटीत. बाईंना खरोखरच वाईट वाटलं. त्यांनी क्षणभर विचार केला आणि आवाज खाली आणून सुचवलं, "मग त्यांच्याकडून अधिकारपत्र लिहून आणा ना."

शेवटी पहिल्या पानावर बाबांचा साध्या सदऱ्यातला फोटो गेला. हातात मोजणीची फीत. सनीतसाहेबांनी तो पाहून सांगितलं की आता हुद्दा बरोबर आहे.

कातरलेल्या फोटोंची प्रुफं घेऊन निंग घरी आली तेव्हा लामुन आत्या आलेली होती. बाबांची थोरली बहीण, वय एक्याऐंशी. हमरस्त्यावर तिचं मो-काएंगचं दुकान. खरवसासारखी ती वडी घेतल्याशिवाय फेचबुरीवरून कोणी पुढे जात नाही. खोक्यावर आत्याचा चाळिशीतला फोटो असतो, निळ्या पोलक्यातला, हसरा. आत्याने प्रुफं टेबलावर पसरली, भिंग काढलं आणि पान-पान बघायला लागली. आई पलीकडे शेंगा मोडत होती.

खरं तर निंगला शाबासकीची अपेक्षा होती. हात वगैरे राहिले होते थोडे, ते मान्य. परकी माणसं कातरली तरी त्यांचे हात आतल्यांच्या खांद्यांवर असतात, हे कातरल्यावरच कळतं. एका पानावर निंगच्या खांद्यावर चार बोटं होती, मालकाविना. हुआ हिनच्या पानावर कडेतून हिरवा झेंडा आत आला होता. विचितकाकांनी एके ठिकाणी हात पुसायचा प्रयत्न केला होता, तिथे आईला तीन कोपरं झाली होती.

आत्याने कोपरांकडे पाहिलंही नाही. ती मोजत होती.

"अगं, अकरा पानं," ती म्हणाली. "अकरा वेळा तिघं. आणि मध्ये बघ कोण. इथे तुझी आई. इथेही तुझी आई. इथे तू. भावाच्या पुस्तकात तू पुढचे नंबर लावायला बसलीस होय?"

"मला घाई नाही काही," आई शेंगा मोडत म्हणाली.

"तुला नसेल. पुस्तकाला आहे."

निंगने समजावून सांगितलं की हा केवळ एक समज आहे. जिथे जिथे तीन माणसं फोटो काढतात तिथे मधला काही जात नाही. आणि अखेर या पुस्तकात गेलेले बाबा आहेत, जे कडेला उभे होते. म्हणजे पुरावा उलटाच झाला. हा मुद्दा तिने घरी येताना रिक्षात तयार केला होता आणि तिला तो बिनतोड वाटत होता. आत्याने तो पूर्ण ऐकून घेतला. मग म्हणाली, "शिकलीस खूप. पण लोकांना पुस्तक वाटायचंय. तिघांचं पुस्तक कोणी घरात नेऊन ठेवणार नाही. वाटेत नाल्यात टाकतील."

हे मात्र खरं होतं, निंगलाही माहीत होतं. परके नकोत, तिघं नकोत. मग करायचं काय? आईने मांजर घालायला सुचवलं. सनीतसाहेब कुंपणावरून म्हणाले, बुद्धाची मूर्ती चालेल, मात्र ती कोणाच्या खांद्याखाली येता कामा नये. शेवटी उपाय आत्यानेच काढला.

"मला घाल," ती म्हणाली. "सख्खी बहीण आहे. चौथी मी."

विचितकाकांना ही कल्पना इतकी आवडली की त्यांनी दुसऱ्याच दिवशी काम पुरं केलं. त्यांना आत्याचा नवा फोटोही लागला नाही. मो-काएंगची खोकी तेच छापत. निळं पोलकं आणि ते हसू पंचवीस वर्षं त्यांच्या यंत्रात तयारच होतं. त्यांनी ते अकराही पानांवर बसवलं. हत्तीजवळ आत्या. टेकडीवर आत्या. पदवीदानाला आत्या. तीस वर्षांचा काळ लोटत होता, बाबांचे केस पिकत होते, निंग फ्रॉकमधून पदवीच्या झग्यात जात होती, आणि निळ्या पोलक्यातली आत्या पानापानातून त्याच गालांनी, त्याच कोनात हसत होती. हुआ हिनला काढून टाकलेल्या झेंडेवाल्याचा झेंडा कुठे लपवता येईना, म्हणून विचितकाकांनी तो तिच्या हातात देऊन टाकला होता.

"हुआ हिनला मी गेलेच नव्हते," आत्या म्हणाली. पण तक्रारीच्या सुरात नाही. तिने ते पान जरा लांब धरून पाहिलं. "बरी दिसतेय गाडी."

खोक्यावरून आत्या उचलताना तिच्या खालचा मजकूर एका पानावर तसाच आला होता. हत्तीच्या पानावर, बाबांच्या पायांशी, लाल अक्षरांत: 'मूळ दुकान हेच. आमची दुसरी शाखा नाही.' सनीतसाहेब ते वाचून म्हणाले, "अर्थपूर्ण आहे."

निंग उठून अंगणात गेली. वीस वर्षं तिने दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुका पेन्सिलीने हळूच दुरुस्त केल्या होत्या. आता तिच्या वडिलांचं पुस्तक मिठाईचं खोकं झालं होतं आणि ते लोकांना आवडत होतं.

त्यातच पानांचा हिशोब चुकला. चरित्र, फोटो, आत्या सगळं धरून पानं झाली एक्केचाळीस. विचितकाकांनी सांगितलं की पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फर्म्याने छापतात, एक्केचाळीस असं काही नसतं. बत्तीस तरी करा, नाहीतर अठ्ठेचाळीस. बत्तीसावर यायला नऊ पानं कमी करायची, म्हणजे नऊ पानांवरून आत्याला काढायचं. ते सांगायला कोणी तयार होईना. म्हणून अठ्ठेचाळीस. सात पानं कोरी. बातमी गल्लीत पसरली आणि लोक मजकूर घेऊन यायला लागले. सनीतसाहेबांनी रक्तदाबावरचं स्वतःचं टिपण आणलं, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं. देवळातून प्रवचन आलं. कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंनी डासांवरचा उपाय सांगितला. आत्याने मो-काएंगची कृती द्यायचं कबूल केलं, एक जिन्नस गुप्त ठेवून.

बाकीचे लोक अशा उरलेल्या पानांवर काय करतात ते बघायला निंग बाबांच्या फळ्यांसमोर बसली. दुपार होती, आई पडली होती. तिने एकेक पुस्तक काढून मांडणी पाहायला सुरुवात केली. समास, अक्षराचा आकार, ओळींमधली जागा. कुठे चटणी, कुठे प्रवचन. पाचवं की सहावं पुस्तक पातळ होतं, स्वस्त कागदाचं. रेल्वेत झेंडेवाले म्हणून बत्तीस वर्षं काढलेल्या प्लुएम नावाच्या कोणा गृहस्थांचं. समास भरपूर होता. तिने एकोणिसावं पान उघडलं, आणि पानातून नऊ वर्षांची निंग तिच्याकडे बघत होती.

तोच फोटो. तीच थांबलेली गाडी. आई, निंग, एक पाय हवेत असलेले बाबा, आणि हिरवा झेंडा घेतलेले प्लुएम. कोणाला कातरलेलं नव्हतं. खाली छापलं होतं: 'हुआ हिन, बुद्धसंवत २५३४. मोजणी खात्यातले श्री. प्रयून, त्यांच्या पत्नी आणि कन्या निंग यांच्यासोबत आमचे वडील. त्या दिवशी गाडी चार मिनिटं उशिरा सुटली.'

निंगने त्या पानात बोट घालून पुस्तक उचललं. मग आईकडे गेली. आईने पुस्तक हातात घेतलं नाही, नुसतं दुरून पाहिलं.

"तुझे बाबा प्रत्येकाला एक प्रत पोस्टाने पाठवायचे," ती म्हणाली. "फोटोत उभं केलं तर द्यायला नको का, म्हणायचे. मग ते लोक नव्या वर्षाला कार्ड पाठवायचे. मग कधीतरी कार्डाच्या जागी अंत्यविधीची पत्रं यायला लागली."

"आणि बाबा जायचे?"

"पहिल्या बसने. मला सांगायचे, दातांच्या डॉक्टरकडे चाललोय. दातांना काही झालेलं नव्हतं त्यांच्या. येताना काखेत पुस्तक असायचं."

निंगने बिस्किटांचा डबा टेबलावर उपडा केला. फोटो यंत्रावर पालथे घालून तिने स्वतःच त्यांच्या नकला काढल्या होत्या. एकोणतीस वेळा फोटोची पाठ डोळ्यांसमोर आली होती आणि एकदाही तिने ती वाचली नव्हती. ग्रंथपाल. प्रत्येक पाठीवर बाबांचं नकाशातलं बारीक, उभं अक्षर होतं. 'चौथा: सोमवांग, माहूत. हत्तीण म्हातारी, नाव बुआ. प्रत पाठवली.' 'चौथा: पोलीस शिपाई खेमचात. दंड घेतला तो घेतलाच, पण सरळ माणूस. प्रत पाठवली.' 'चौथे: कोणाचे तरी काका, नाव सांगायला वेळ नव्हता. शोध घ्यावा.' त्याखाली दुसऱ्या शाईत, पुष्कळ नंतरच्या: 'सापडले. लोपबुरीचे.'

दुसऱ्या दिवशी ती छापखाना उघडायच्या आधीच दाराशी उभी होती.

"सगळे परत घाला," ती म्हणाली. "हातपाय धरून. खाली नावं येतील, ती मी लिहून देते. मागची सात पानं त्यांचीच. बाकीचे अठरा फोटो तिथे जातील, प्रत्येकाखाली नाव."

विचितकाकांनी यंत्राकडे पाहिलं. "आत्यांना काढू?"

"काढा."

"हुआ हिनला छान जमल्या होत्या," ते म्हणाले, आणि त्यांनी आत्याच्या हातातला झेंडा काढून घेतला.

आत्याला सांगायला निंग स्वतः गेली. भिऊनच गेली. आत्याने सगळं ऐकलं, फोटोंच्या पाठी भिंगाखाली एकेक करून वाचल्या. "हा लहानपणापासून असाच," ती म्हणाली. "एका भोवऱ्यासाठी पाच जणांशी दोस्ती." मग तिने कृतीला अर्धं पान मागून घेतलं, आणि साखरेचं प्रमाण नीट छाप म्हणाली.

डबा रिकामाच होता. निंग त्यात आईच्या शिवणाच्या रिळी भरायला गेली, तेव्हा तळाचा कागद उचलला गेला. त्याखाली एक फोटो होता. तिसावा.

बान लेमचा चिखलाचा किनारा. ओहोटी लागलेली, पाणी पार लांब. माणूस नाही, होडी नाही, कुत्रंसुद्धा नाही. चिखलात आई, सात वर्षांची निंग, आणि दोघींच्या मध्ये बाबा. पोटऱ्यांपर्यंत रुतलेले. दोन्ही हातांनी ते दोघींना बाहेरच्या बाजूला सारत होते. त्या एकाच फोटोत ते कडेला नव्हते. पाठीवर लिहिलं होतं: 'चौथा: कोणी नाही. ओहोटी.' आणि खालच्या ओळीत दोनच शब्द: 'मी मध्ये.'

"तू रडून गोंधळ घातला होतास," आई म्हणाली. ती मागे येऊन कधी उभी राहिली ते निंगला कळलं नव्हतं. "परकी माणसं नकोत, आपल्या तिघांचाच हवा म्हणून. मी म्हटलं, अहो, तुम्ही कॅमेऱ्यामागे थांबा, आम्हा दोघींचा काढा. तर म्हणाले, तिला तिघांचा हवाय. आणि धावत आले. नेहमीच्या जागी गेलेच नाहीत."

"मला आठवत नाही."

"फोटो हातात आल्यावर तू बघितलास आणि खेळायला गेलीस," आई म्हणाली.

त्या संध्याकाळी निंगने तो फोटो आत्यापुढे ठेवला. आत्याने भिंग लावलं. तिघं मोजायला तिला वेळ लागला नाही. मधला कोण हे बघायलाही नाही. मग तिने भिंग खाली ठेवलं, चष्मा काढला, पोलक्याच्या टोकाने पुसला, आणि चष्मा स्वच्छ झाला तरी पुसत राहिली.

"पूर्ण पान दे त्याला," ती शेवटी म्हणाली. "आणि समास मोठा सोड. ऐसपैस बसू दे."

मग आत्याची कृती अर्ध्या पानावरून पाव पानावर आली, आणि 'एक जिन्नस गुप्त आहे' हे सांगायलाही जागा उरली नाही. ते पान लावताना विचितकाकांनी आपणहून कसलीही नक्षी काढली नाही. मग सवयीने विचारलं, "ढग?"

"नको."

"मोर? एकच, कोपऱ्यात."

निंगने खरोखर विचार केला. "नको," ती म्हणाली. आणि त्या पानावर विचितकाकांनी आयुष्यात पहिल्यांदा काहीही छापलं नाही, फक्त फोटो.

शनिवारी लोक आले, फुलं वाहिली, काखेत पुस्तकं मारली. सनीतसाहेबांनी उभ्या उभ्याच पुस्तक चाळलं आणि हुद्दा तपासला. नाल्यात कोणी काही टाकलेलं दिसलं नाही. धूर वर जायला लागला तेव्हा निंग चिमणीकडे बघत होती, आणि नववं पान की सातवं, असलं काहीतरी तिच्या डोक्यात चाललं होतं.

मग विचितकाका कॅमेरा घेऊन आले. देवळाच्या पायऱ्यांवर एक फोटो काढू म्हणाले, घरच्या तिघींचा. काळ्या कपड्यांतल्या तिघी जाऊन उभ्या राहिल्या.

"मी थोरली," आत्या म्हणाली. "मध्ये मी." आणि तिने निंगला कोपराने बाजूला केलं.

"माझे यजमान होते ते, वन्सं," आई शांतपणे म्हणाली आणि आत्याच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

निंग मागून दोघींच्या मध्ये घुसली. आत्याने तिला पोलक्याच्या बाहीला धरून ओढलं. आईने आत्याला. एक्याऐंशी वर्षांच्या बाईला पायरीवरून ढकलता येत नाही, आणि आत्याला हे नेमकं ठाऊक होतं. विचितकाका दोनदा डोळा लावून थांबले. मग त्यांनी कॅमेरा खाली केला.

"मध्ये तीन जणी आहेत," ते म्हणाले, "आणि कडेला कोणीच नाही. अशी मांडणी मला जमत नाही."

मग निंगने बाही सोडवून घेतली, पायऱ्या उतरून ती देवळाच्या फाटकाशी गेली. बाहेर सावलीत एक म्हातारे गृहस्थ बर्फाच्या सरबताची गाडी लावून बसले होते. तिने त्यांच्यापुढे हात जोडले.

"काका, दोन मिनिटं आत येता? फोटोत उभं राहायचंय. चौथे म्हणून."

त्यांनी तिच्या काळ्या कपड्यांकडे पाहिलं, आत धुराकडे पाहिलं, आणि ओले हात विजारीला पुसत उठले. "येतो की," ते म्हणाले. "पण बाई, माझी तर त्यांच्याशी ओळख नव्हती."

"कोणाचीच नसायची," निंग म्हणाली. तिने पिशवीतून पेन काढलं. "आधी नाव सांगा. आणि पत्ता."